घड्याळाचं पुढच्या आठवड्यात

११ ऑक्टोबर, शनिवार

वेबसाइटवर आठवड्याचं वृत्त टाकलं. कन्नड जोडाक्षरं टाइप करताना कर्सर मागे उडी मारायचा, तो आता मारत नाही. प्रिंटर लवकर सापडतो. आणि शेवटचा मुद्दा नेहमीचाच — ‘घड्याळ : पुढच्या आठवड्यात.’

संयोगिता मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, हे घड्याळाचं काय असतं दर वेळी? सांगितलं. आमची ‘उंबरा’ सिस्टिम चालते ती जुन्या, टाकाऊ कॉम्प्युटरांवर. त्यांच्या पोटातला बटणाएवढा सेल मेलेला असतो, त्यामुळे त्यांना तारीख आठवत नाही. मग सुरू होताना, नेट असेल तर, ते आमच्या सर्व्हरला वेळ विचारतात. उत्तर आलं की पुढे जातात. नाही आलं तर किती वेळ वाट बघायची, ते लिहायचं राहून गेलंय. माझ्याबरोबर उंबरा लिहिणारी रक्षिता टोचत असते — ‘गिरीअण्णा, तेवढं घड्याळाचं बघून टाका की.’ पण सर्व्हर बंद असतो कधी? मग घाई कसली!

‘किती लोक वापरतात हे?’ संयोगिताने विचारलं.

माहीत नाही. माहीत करून घ्यायची सोयच ठेवलेली नाही. कोण आलं, किती आले, उंबरा बघत नाही. तो नियम माझाच. पूर्वी हे लोकांना सांगताना छाती फुगायची.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

त्या मोठ्या कंपनीने आजपासून आपली जुनी सिस्टिम वाऱ्यावर सोडली. नवी जुन्या मशीनवर चढत नाही. जगभर कॉम्प्युटर भंगारात निघणार. या दिवसाची आम्ही दोन वर्षं वाट बघत होतो. रक्षिता निपाणीला माहेरी आहे, तिथून फोन — ‘आता बघा, रांग लागतीय.’

सबंध दिवस मेल उघडा ठेवला. एक मेल आला. कुणीतरी आमच्या वेबसाइटवर जाहिरात लावू म्हणतोय.

१५ ऑक्टोबर

काही नाही.

१६ ऑक्टोबर

काही नाही. म्हणजे असलं तरी मला दिसणार नाही म्हणा. पण एखादा तरी बोलेल की नाही? चांगलं म्हणा, शिव्या द्या.

१८ ऑक्टोबर, शनिवार

वृत्तात खाली एक ओळ घातली — ‘उंबरा वापरत असाल तर एका शब्दात कळवा.’ लिहिताना भिक्षा मागितल्यासारखं वाटलं. रक्षिता म्हणाली, हीच ओळ कॉम्प्युटर सुरू होताना पडद्यावर दाखवा की, वृत्त कोण वाचतंय? नाही. काम करायला बसलेल्या माणसाची वाट अडवायची नाही, हे आमचं पहिल्यापासूनचं. सुरू होताना पडद्यावर फक्त उंबऱ्याचं चित्र आणि खाली ‘अडलं तर फोन करा’ आणि नंबर. तोही क्षणभर.

नंबर आमच्या लँडलाइनचा आहे. पूर्वी तो अप्पांच्या, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपचा होता. अप्पा ड्रिलिंग मशीन बनवायचे आणि प्रत्येक मशीनवर पितळी पट्टी ठोकायचे — नाव, साल, फोन. मी तीच रीत उचलली. मशीन विकलं की आपला नंबर त्याच्यावर पाहिजे, नाहीतर ते मशीन बेवारशी, असं ते म्हणायचे. आठ वर्षांत या नंबरवर उंबऱ्याचा एकही फोन आलेला नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

एका शब्दाच्या विनंतीला उत्तर आलं. एकच. ‘हे काढून पूर्वीची सिस्टिम परत कशी टाकायची?’

सविस्तर उत्तर दिलं. चित्रांसकट. ते लिहिण्यातच सणाची दुपार गेली. संयोगिताने ओवाळलं तेव्हा हातात लॅपटॉप होता. तिने ताट देवापुढे नेऊन ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

काल वृत्त टाकलं. ‘घड्याळ : पुढच्या आठवड्यात.’

आज संयोगिता बोलली. रागाने नाही, भाजी निवडत. ‘घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजताय, ठीक आहे. पण लष्कर आहे कुठे?’

मी शेजारी बसून शेंगा सोलायला घेतल्या.

तिच्या मावसभावाच्या ओळखीने इंदिरानगरच्या एका कंपनीत जागा आहे. एक डिसेंबरला रुजू व्हायचं. अट एक — नोकरीत असेपर्यंत बाहेरचं कुठलंही सॉफ्टवेअर लिहायचं नाही, फुकटचंसुद्धा. म्हणजे उंबरा दुसऱ्या कुणाला देऊन टाकायचा, नाहीतर बंद करायचा.

३ नोव्हेंबर, सोमवार

रक्षिता परत आली. इडली खायला म्हणून बोलावलं आणि आधी तिनेच सांगितलं. ‘अण्णा, मला आता जमायचं नाही हो. लेकरू लहान आहे, ऑफिसचं काम घरी येतंय. तुम्हाला सांगायचं कसं, म्हणून महिना काढला.’ डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, अगं, मी तुला तेच सांगायला बोलावलंय. दोघंही हसलो. इडली गार झाली.

निघताना म्हणाली, ‘कुणी घेणारं मिळालं तर घड्याळाचं त्यांना सांगा तेवढं.’

८ नोव्हेंबर, शनिवार

वृत्तात लिहिलं — ‘उंबरा सांभाळायला कुणी तयार आहे का? सगळं शिकवीन.’

१५ नोव्हेंबर, शनिवार

कुणी तयार नाही. वृत्तात या आठवड्याची प्रगती म्हणून काय लिहू? बदल एकच केला. एक स्वल्पविराम.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अप्पांना सांगितलं की बंद करतोय. ते आपल्या खुर्चीत, शेजारी तो फोन. रोज सकाळी फडक्याने पुसतात, उचलून कानाला लावतात, आवाज आहे का बघतात. आम्ही कितीदा म्हटलं, आता काढून टाकू. ‘असू दे की रे, स्वल्प दिवस.’

मला वाटलं होतं समजूत घालतील. त्यांनी नुसती मान हलवली. ‘पीण्यात पण असंच झालं बघ. आधी रोज फोन. बेल्ट तुटला, बेअरिंग गेलं. मग आठवड्याला. मग फोनच नाही. तेव्हाच मी समजलो, आपलं मशीन आता कोणी वापरत नाही. शटर ओढलं.’ मग म्हणाले, ‘नंतर दुःख होतंय. पण मोकळं पण वाटतंय. सरी, ठीक आहे, बंद कर.’

अप्पांनीही सरी म्हटलं. आता विचारायला कुणी उरलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नोकरीच्या कागदावर सही केली. वृत्तात तारीख जाहीर — तीस नोव्हेंबरला सर्व्हर बंद. ‘ज्यांना अडचण होईल त्यांनी आठ दिवसांत कळवावं.’

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कुणी कळवलं नाही. एक वेडी आशा होती, की बंद म्हटल्यावर तरी कुणी ओरडेल. आपल्या गल्लीतला दुधाचा बूथ बंद होणार म्हटल्यावर लोकांनी नगरसेवकाचं घर गाठलं होतं. माझं काम त्या बूथच्याही खाली गेलं. पालथ्या घड्यावर पाणी ओतत होतो इतकी वर्षं, आणि घडा भरला का म्हणून वाकून बघायलाही स्वतःच मनाई केलेली. हसू येतंय स्वतःचं. चांगलं येत नाहीये.

३० नोव्हेंबर, रविवार

केलं.

शेवटचं वृत्त दुपारी टाकलं. ‘वाचकांचे आभार’ असं लिहिलं आणि खोडलं. कोण वाचक? ‘घड्याळ : पुढच्या आठवड्यात’ हेही हाताला सवयीने लिहून झालं होतं. तेही खोडलं.

मग सर्व्हर बंद केला. वाटलं होतं काहीतरी जाणवेल. माझा लॅपटॉप पुन्हा सुरू करून बघितला, झटकन सुरू झाला, रोजच्यासारखा. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. अप्पा पेपर वाचत होते. संयोगिताने पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, उद्याचा शर्ट इस्त्री करू का?

लँडलाइनही पुढच्या महिन्यात काढून टाकू म्हणालो. अप्पा हो म्हणाले.

१ डिसेंबर, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. इंदिरानगर. काचेची इमारत, गळ्यात फोटोची पट्टी, मोबाइल दारातल्या खणात ठेवून आत जायचं. सगळे चांगले वागतात. एका मुलीने विचारलं, ‘सर, आधी कुठे होता?’ म्हटलं, घरीच. यापेक्षा खरं उत्तर सुचलं नाही.

मन अगदी रिकामं आहे. दुःख म्हणावं तर तेही नाही. ठीक आहे. लोक असंच जगतात.

१ डिसेंबर, संध्याकाळी

दार उघडलं तर अप्पा फोनशी. जेवलेले नाहीत. संयोगिता ताट घेऊन शेजारी उभी. सकाळपासून वाजतोय म्हणे. पहिला फोन आला तेव्हा अप्पांना वाटलं, आपलंच ड्रिलिंग मशीन कुठेतरी बंद पडलं. बोम्मसंद्राची बाई — ‘सार, मशीन निंतुहोगिदे. स्क्रीन मेले ई नंबर इदे.’ मशीन थांबलंय आणि पडद्यावर हा नंबर आहे, म्हणे. मग पीण्यातली एक शाळा. मग हासनकडचं वाचनालय, सांगलीचा छापखाना, कुठकुठले दवाखाने. सगळ्यांच्या पडद्यावर उंबऱ्याचं चित्र, खाली आमचा नंबर, आणि पुढे काहीच नाही. सकाळपासून सगळी मशीनं बंद सर्व्हरला वेळ विचारत थांबलीयत. माझ्या लॅपटॉपचा सेल ठणठणीत. त्याला कधी विचारावंच लागलं नाही.

आठ वर्षं फोन आला नाही, कारण कुणाचं काही अडलं नव्हतं.

अप्पा रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे बघतायत. ‘कुणी नाही म्हणालास. मग हे सगळे कोण?’ आणि मग, हळू, स्वतःशीच — ‘आपली मशीनं पण चालत असतील काय रे अजून?’

परत वाजतोय. म्हणतात, तू घे.