टेकलेले पाव

२ जून
आले बाई एकदाची! नवी नोकरी, वर राहायला खोली आणि खाली बेकरी, म्हणजे सोन्याहून पिवळं. माझं काम कोठीचं. भट्टीतून आलेले मोठे पाव जपायचे आणि बिघडलेले ओळखायचे. मालकीणबाईंनी हाताला धरून शिकवलं. पाव पुरता निवल्याशिवाय झाकायचा नाही. सुती कापडात गुंडाळायचा, फ्रिजला तर दाखवायचासुद्धा नाही. कापलेली बाजू फळीवर पालथी. संशय आला तर तोडून हुंगायचा. पिकून गेलेल्या फळासारखा वास आला, आत चिकट तार सुटली, की खेळ खलास. मालक अबोल, पण चेहरा मायाळू. भट्टीवाला सारखा माझी टिंगल करतो. मला इथं करमेल.

५ जून
आज माती खाल्ली. एका पावाच्या कोपऱ्यावर हिरवा ठिपका होता. तेवढाच कापला आणि पाव परत फळीवर ठेवला. बाई रागावल्या नाहीत. पोरी, म्हणाल्या, बुरशी वर दिसते तेवढीच नसते, मुळं आत गेलेली असतात. मग तो पाव आणि त्याला टेकलेले सगळे भट्टीत घातले. जीव हळहळला. चांगले होते की!

८ जून
भट्टीवाल्याचा भाजलेला हात चिघळलाय. मीच धुऊन पट्टी बांधली. डॉक्टरकडे जा म्हटलं, तर म्हणे, भट्टी काय तुझा बाप सांभाळणार? दुपारी बाईंनी ती पट्टी सोडून जखम हुंगली. डोळे मिटून, सावकाश.

९ जून, सकाळ
किंकाळी ऐकून खाली धावले. भट्टीवाल्याचा हात मनगटापासून तोडलेला, ओट्यावर पडलेला. बाईंच्या हातात पावाची लांब सुरी. नुसता कोपरा कापून काय होणार, असं स्वतःशीच म्हणाल्या आणि सुरी त्याच्या गळ्यात खुपसली. पाय धरून ओढला, भट्टीत लोटला. तो अजून हलत होता. मालक दारात, थिजलेले.
मग बाईंनी अगदी मायेनं मला विचारलं, पट्टी कुणी बांधली होती गं?
कोठीत पळाले. कडी लावलीय. दाराला मैद्याची पोती. फोन वर राहिला. ही वही तेवढी खिशात होती.

दुपार
बाई बाहेरून समजावतायत. दुखणार नाही म्हणतात. मालकांना हाका मारल्या. आलो, म्हणाले. आलोच. देवा, लवकर—
कुऱ्हाड. दाराची फळी फुटली.

बाई आत आली. मी तराजूचं लोखंडी वजन तिच्या डोक्यात घातलं. पुन्हा. पुन्हा. कवटी फुटल्याचा आवाज— पडली. मेली. मी जिवंत आहे, आई गं, मी जिवंत—

मालक आले. रडू फुटलं मला. ते बाईंपाशी बसले. रक्ताला बोट लावलं, हुंगलं. मान हलवली. बिघडली होती बिचारी, म्हणाले.
कुऱ्हाड उचलली त्यांनी.
माझ्या हातांकडे बघतायत. म्हणतात, तिचं रक्त तुला लाग—