नायक निघून जातो

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज दुपारी, खळीचा डबा ढवळत असताना, माझं आयुष्य बदललं. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. तिथे रिसेप्शनला बसते ती खाली आमच्या बाइंडिंगच्या दुकानात आली. स्वतःहून. हातात एक प्रेमकथा, वाचून वाचून खिळखिळी झालेली, पानं सुटलेली. म्हणाली, नीट शिवून दे रे, माझी फार लाडकी आहे. आणि शिवता शिवता वाच पण. मग मला तुझ्याशी जरा बोलायचंय.

जरा बोलायचंय! याला दुसरा अर्थच नसतो.

मामा (दुकान त्यांचं, मी नुसता भाचा) म्हणाले, आधी फर्मे मोजून घे. फर्मा म्हणजे सोळा पानांचा एक गठ्ठा. असे सगळे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक. म्हटलं, मामा, वर्षभर हेच करतोय मी. ते म्हणाले, म्हणूनच सांगतोय.

संकल्प: एक, पुस्तक दोन दिवसांत संपवणे. दोन, राग कायमचा बंद. रागापायीच कॉलेज सुटलं असं आई म्हणते. साफ चूक. सरांनी वर्गाबाहेर जा म्हटलं, मी फक्त जरा जास्त लांब गेलो.

४ फेब्रुवारी, बुधवार

प्रेमकथा हा माझा प्रांत नाही. माणसाला रडवायचं ठरवूनच लिहितात त्या. वीस पानं वाचली, निव्वळ कामाचा भाग म्हणून.

संध्याकाळ. डोळ्यांत खळ गेली. मामांना तसंच सांगितलं. म्हणाले, दोन्ही?

५ फेब्रुवारी, गुरुवार

वाचून झाली. शिवूनही झाली. फर्मे मोजायचे राहिले, पण भावनेच्या भरात असली हमाली होत नाही.

काय माणूस आहे हा नायक! हुबेहूब मी. डोकं गरम, मन मऊ. नायिका काहीतरी सांगू पाहते, हा ऐकूनच घेत नाही. ‘आता शोधत बस मला’ म्हणतो आणि ताडकन निघून जातो. आणि पुढच्याच पानावर ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडतेय! मध्ये स्पष्टीकरणाची एक ओळ नाही. हे थोर लेखिकेलाच जमतं. वाचकाच्या अकलेवर केवढा विश्वास!

बोध: समजावत बसायचं नसतं. निघून जायचं असतं.

संकल्प नंबर दोन रद्द.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

अंमलबजावणी झाली. ती पुस्तक न्यायला आली. म्हणाली, वाचलंस ना? मग ऐक, मला तुला... मी तिथेच हात वर केला. म्हटलं, काही सांगू नकोस. मी चाललो. आता शोधत बस मला.

ती म्हणाली, अरे, दुकान तुमचं आहे. मीच जाते ना.

निघालो. मागून मामा ओरडले, कात्री ठेवून जा! परत येऊन ठेवली. नायकाच्या हातात कात्री नव्हती. एवढाच काय तो फरक.

७ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर घरी. शोधणं सोपं जावं म्हणून खिडकीत बसलो. आई म्हणाली, नुसता बसलाच आहेस तर वाटाणे सोल. सोलले. दुपारी बेल वाजली, धावलो. वीजमीटर बघायला आलेला माणूस होता. त्याला मीटर लगेच सापडला. शोधणारे असेही असतात जगात.

फोन चालू आहे ना, ते आईच्या फोनवरून रिंग देऊन पाहिलं. चालू आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

आई म्हणते, कुणाची वाट बघतोयस? म्हटलं, कुणाची नाही. मग इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत का बसलायस?

आईशी बोलणं बंद. जेवणापुरतं चालू.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळ. मामांचा फोन. म्हणाले, ती वरची मुलगी तुला शोधत आलीये. जिंकलो! एका पायात माझी चप्पल, एका पायात आईची, तसाच धावलो.

ती पुस्तक उघडं धरून उभी होती. म्हणाली, यातली सोळा पानं कुठायत? अख्ख्या पुस्तकात मी तेवढीच परत परत वाचते! मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग खळीच्या डब्याकडे पाहिलं. डबा उचलला. खाली फर्मा. चिकटलेला.

ती म्हणाली, म्हणजे हे न वाचताच शुक्रवारी ते सगळं नाटक? हसेल असं वाटलं. हसली नाही. म्हणाली, शिवून वर आणून दे. आज माझा इथला शेवटचा दिवस आहे.

दुपार. ओल्या फडक्याने फर्मा सोडवला, वाचला. नायक निघून जातो. कुणीही त्याला शोधत नाही. कित्येक महिने. शेवटी तोच परत येतो, तिच्या पायरीवर बसतो आणि विचारतो, त्या दिवशी काय सांगत होतीस? मग पानंच्या पानं ती बोलते आणि हा गप्प. एकदासुद्धा तोंड उघडत नाही.

थोर लेखिका! प्लॅन तयार: वर जायचं, तोच प्रश्न विचारायचा, गप्प बसायचं. एवढंच तर आहे.

संध्याकाळ. वर गेलो. पुस्तक दिलं. विचारलं.

ती म्हणाली, दुसऱ्या शहरात मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागलीये. तिथल्या कॉलेजात चौकशी केली. मध्येच सोडलेल्यांनाही घेतात, जिथून सोडलं तिथून पुढे. म्हटलं विचारावं तुला, येतोस का. शनिवारी मुदत संपली.

शनिवारी मी वाटाणे सोलत होतो.

इथवर मी गप्प होतो. अगदी नायकासारखा. मग ती म्हणाली, पण तुझा तो अवतार बघून वाटलं, बरं झालं विचारलं नाही.

झालं. डोकं सटकलं. म्हटलं, मी कुणाच्या मागे मागे येण्यातला नाही. जा खुशाल. आणि निघालो.

दार असं आपटणार होतो की अख्खा मजला हादरला पाहिजे. पण दवाखान्यांच्या दारांना वर तो दांडा असतो, दार सावकाश लावणारा. ते आपटत नाही. इंच इंच सरकतं. गाल सुजलेले दोन पेशंट बघत होते. काचेपलीकडे ती उभी होती, अजून काहीतरी बोलायचं असल्यासारखी. परत आत शिरायला भरपूर वेळ होता. मी बाहेरून दोन्ही हातांनी दार रेटत राहिलो, लवकर लागावं म्हणून.

लागलं.