स्वयंपाकघरातले बूट

आई, मी आता घरात बूट घालते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला धीर येईल. दिवाळीच्या आधी मला झटका आला आणि डावी बाजू गेली. हात बराचसा परत आला, पाऊल काही आलं नाही. पाय उचलला की चवडा खाली लोंबतो आणि बोटं फरशीला अडकतात. म्हणून मला स्प्लिंट दिलाय. पोटरीमागून टाचेखाली वळून बोटांपर्यंत जाणारी पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी, वेल्क्रोने बांधायची. ती पावलाला सरळ धरून ठेवते, लोंबू देत नाही. पण ती बुटात घातली तरच. नुसती घालून टाइल्सवर चाललं की सर्रकन घसरते. समजायला इतकं सोपं आहे, पण तुझ्या लेकीला ते पचेना.

पचणार कसं? बाबा गेल्यावर तू आमच्या वारज्याच्या ह्या फ्लॅटवर राहायला आलीस आणि पहिल्याच दिवशी ओट्याच्या बाजूला फळी ठोकून घेऊन देव मांडलेस. त्यानंतर ह्या स्वयंपाकघरात कुणाची चप्पल आली नाही. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन दारात उभा होता, तरी तू म्हणालीस, "अहो, चपला." तो म्हणाला, "मावशी, खांद्यावर ओझं आहे." "मग ठेवा खाली, चपला काढा, पुन्हा उचला. घाई कुणाला आहे?" मी आतल्या खोलीत तोंड दाबून हसत होते. पण आपल्या जुन्या घरी, मी शाळेत असताना, माझ्यावर वेळ आली तेव्हा हसू आलं नव्हतं. उन्हातून आले होते, घसा सुकला होता, बूट न काढता तशीच माठाकडे गेले. तू फडकं घेतलंस आणि दारापासून माठापर्यंत माझ्या पावलांमागून पुसत आलीस. मी पेला तोंडाला लावून उभी, आणि तू माझ्या पायाशी वाकून पुसतेयस. त्यापेक्षा दोन धपाटे घातले असतेस तर बरं झालं असतं गं.

तर मी काय केलं, बाहेरच्या खोलीत बूट घालून चालायची आणि स्वयंपाकघराच्या दाराशी आले की बूट काढून, स्प्लिंट तसाच ठेवून आत जायची. हे ओरडायचे. नवे कोरे बूट आणून म्हणाले, "ह्यांनी रस्ता बघितलेला नाही, मग कसला विटाळ?" मी म्हणायची, बूट तो बूट. शिकवायला येणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी विचारायची, "काकू, घरात सगळीकडे बूट घालताय ना?" मी म्हणायची, हो तर! एक दिवस तिने स्प्लिंट हातात घेऊन उलटा केला. "काकू, तळ केवढा घासलाय बघा. बुटात असता तर घासला असता का? मला गंडवा हवं तर, पण पडाल तेव्हा हिप जाईल." माझे कान गरम झाले. ह्या वयात खोटं बोलताना पकडले गेले, तेही लेकीच्या वयाच्या पोरीकडून. तरी सुधारले नाहीच. त्याच आठवड्यात फ्रिजपाशी धाडकन पडले. हाड वाचलं. पण मला उठवताना ह्यांच्या कमरेत उसण भरली, आणि एकमेकांना धरून आम्ही दोघं फरशीवर बसून राहिलो.

लाज म्हणजे काय ते मला ह्या महिन्यांत कळलं, आई. हे माझी वेणी घालतात, वाकडी का होईना. मला धरून संडासात नेतात आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. ह्यांची रजा संपत आली होती. मी एकटीने घरात वावरू शकले तर ठीक, नाहीतर दिवसभराची बाई ठेवायची आणि ह्या गोष्टी एका परक्या बाईने करायच्या. रात्री मी उशीत तोंड खुपसून रडायची आणि सकाळी परत दाराशी बूट काढायची. वेडेपणा म्हण, हट्ट म्हण. तुझीच ना मी.

मग मागच्या गुरुवारी हे दुधी चिरत होते. मी बाहेर खुर्चीवर, पायात बूट. आतून आवाज आला, "अगं, जरा…" आणि पुढे काहीच नाही. हाक मारली, उत्तर नाही. मी काठी घेतली आणि उठले. कशी गेले ते मला सांगता येणार नाही, कारण त्या वेळी पायाकडे लक्षच नव्हतं. आत हे ओट्याला टेकून खाली बसलेले, चेहरा पांढराफटक, बोटातून रक्त. तुला ठाऊक आहे, रक्त बघितलं की तुझ्या जावयांना चक्कर येते. मी खुर्ची ओढून बसले, नॅपकिनने बोट घट्ट आवळून धरलं, पाणी पाजलं. जरा वेळाने त्यांनी डोळे उघडले, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "वा! चक्कर मला आली आणि चालायला तू लागलीस." मी हसायला लागले आणि हसता हसता मान वर झाली. समोर फळीवर तुझे देव. मी बूट घालून त्यांच्यापुढे बसलेली.

सोमवारपासून हे कामावर जातात. बाई ठेवली नाही. घरात मी एकटीच असते, चहा करते, भाजी फोडणीला टाकते, बूट घालूनच. देवांना सवय झाली असावी, काही बोलत नाहीत.

पण त्या गुरुवारी देवांकडे बघताना जे मनात आलं ते मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. तू गेल्यापासून मला तू रोज हवी होतीस. झटका आला तेव्हा शुद्धीवर येताना मी तुलाच हाका मारत होते म्हणे. आणि तिथे, बूट घालून बसलेली असताना, मला वाटलं, बरं झालं, आई नाही. काल फोडणी टाकताना पुन्हा तेच वाटलं. हे लिहून तुझ्या फोटोपुढे ठेवायचं ठरवलं होतं. आता नाही ठेवत. तू वाचशील, अशी भीती वाटते.