चुनखडीतलं माणूस

१० जानेवारी १९३७, रविवार
गंगापूरच्या वाटेवर चुनखडीचं टेकाड आहे. उस्मानभाई आपल्या चुन्याच्या भट्टीसाठी तिथले दगड फोडतात. आज खालच्या थरात हाडं निघाली. पाय पोटाशी घेऊन कुणी निजावं तशी. कवटी शाबूत, शेजारी धार काढलेले दगड. लोखंड ठाऊक नव्हतं तेव्हाचं माणूस! पुण्याच्या प्रो.ना लगेच पत्र टाकलं.
उ.भाई म्हणाले, "मास्तर, मय्यत हाय ती. माती देऊन टाकू."
"अहो, हे इतिहासाचं काम आहे," म्हणालो आणि टोपलीत घालून सगळं घरी आणलं.

१२ जाने.
आईनं टोपली पाहिली. कुणाचं म्हणून विचारलं. हजारो वर्षांपूर्वीचं, म्हणालो.
"म्हणजे हजारो वर्षं कुणी पाणी दिलं नाही बिचाऱ्याला." ताट बाजूला सारलं. मी वाद घातला, शिकलेला ना मी! ती ढिम्म.

१५ जाने.
संक्रांतीलाही तिनं तीळ तोंडात घातला नाही. हरलो. आज हाडं रामकुंडात सोडली. उपाध्यांनी गोत्र विचारलं. माहीत नाही म्हटल्यावर रीतीप्रमाणे काश्यप लावलं. नाव? तेही माहीत नाही. "असू दे," म्हणाले.
घरी आल्यावर आई पोटभर जेवली. बरं वाटलं. बरं वाटलं याचाच मग राग आला.

१९ जाने.
प्रो. आले. डाक बंगल्यात उतरलेत. दगड पाहून खूश.
"आणि कवटी?"
खरं सांगायचं ठरवून तोंड उघडलं, निघालं भलतंच. "मजुरांनी भट्टीत टाकली." कुंडाचं ऐकून हसतील, एवढीच भीती. नुसती हसण्याची!

२० जाने.
टेकाडावर गेलो. प्रो. उ.भाईंवर तुटून पडले. "अडाणी लेकाचे! जाळून टाकलंत?" उ.भाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातला दगड पुसत राहिलो. मग पहार उचलून ते भट्टीकडे निघून गेले.
प्रो. मामलेदारांना सांगून फोडणं बंद करवणार. म्हणजे भट्टी बंद. तिच्यावर जगणारी माणसं घरी बसणार, माझ्यामुळे. लाज वाटते, नुसती लाज.

२१ जाने.
उ.भाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. शिव्या देतील वाटलं होतं.
"पाण्यात का व्हईना, ठिकाणी लागला," म्हणाले. आणि मग, "आता सायबाला सांगा."
"सांगतो."
डाक बंगल्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. भित्रा तो भित्राच.

२२ जाने., सकाळ
शाळेला निघालो तर उ.भाई दारात.
"मास्तर, तितंच अजून एक निघालंय. लय ल्हान हाय. मूल असंल. आमी कुनीच हात नाय लावला. लावला तर जाळलं म्हनतील. तुमी चला, सायबाला घिऊन."
प्रो. दुपारच्या गाडीनं जाणार. आता नेलं तर कालपरवाचं सगळं निघणार. नाही नेलं तर भट्टी बंद, आणि आळ उ.भाईंवर तसाच.
आत आई विचारते आहे, कोण आलंय म्हणून. तिला अजून काही बोललो नाही. कळलं की पुन्हा ताट सारेल.
उ.भाई ओट्यावर बसलेत. चहा नको म्हणाले. मी कोट घालायचा सोडून हे लिहीत बसलोय.