जांभळीपुढची रेषा

अहो,

शाळेच्या शर्यतीसाठी काल तुम्ही धरणाकाठच्या वाटेवर पांढरी फक्की टाकलीत, ती जांभळीपाशी संपवली होती ना? पहाटे छबीला कडेवर घेऊन पाण्याला गेले, तर रेषा तिथून वळून थेट धरणात गेलेली. तुम्ही रात्रभर तापात होतात, मी जागीच होते. फक्कीचं पोतंही दाराआड तसंच बांधलेलं आहे.

छबीला खाली ठेवलं मात्र, ती हसत त्या रेषेवरून धावत सुटली. पाण्यापाशी कशीबशी धरली.

शेंडी गावच्या शाळेची पोरं सातला पळायला सुटतील. त्यांना अडवायला जातेय. पेज चुलीपाशी झाकली आहे. बाहेरून कडी लावलीय, रागावू नका. छबीला कुशीत घट्ट धरून ठेवा. झोपेतही तिचे पाय चालूच आहेत.

कुमुद