इस्राएल मोहल्ल्यातलं बिऱ्हाड

माय, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, तुझ्यासारखाच, आधी उजव्या डोळ्यात. मुलगा मला मुंबईच्या दवाखान्यात न्यायचं म्हणतो, आणि मी त्यानं शोधलेल्या उतरण्याच्या एकेका जागेला नावं ठेवत अकोल्यातच ठाण मांडून बसलो आहे. एका ठिकाणी जिने फार. दुसरीकडे वरणात गूळ घालतात म्हणे. तिसऱ्या जागेत काय वाईट आहे ते अजून सुचलेलं नाही, पण सुचेल. काल ताट वाढता वाढता सूनबाई म्हणाली, "मामाजी, जागा आवडून नाई राहिली का जायाचंच नाई, तेवडं सांगून टाका." मी भाकरीकडे बघत बसलो. आणि तुझी अशी काही आठवण आली की कागद घेतला. अक्षर मोठं काढतो आहे. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील तर चालवून घे, तुला वाचता तरी कुठं येत होतं.

सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यामुळे आपल्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आला होता, ते दिवस. अमरावतीच्या बाजारात माणसं जमिनीला पाय लावेनात. बानं बैलांना रेशमी झुली शिवल्या, स्वतःचं धोतर मात्र तेच ठिगळाचं ठेवलं. कापसातली काडी-कचरा वेचायचं काम तुझं, आणि त्यात तुझा हात धरणारी गावात कोणी नव्हती. त्या साली तू वेचलेला कापूस काड्यांसकट जाऊ लागला. दलालानं बोल लावला तर तू उलट त्यालाच झापलंस, "औंदा कापूसच मळका हाय, त्याले मी काय करू?" मग एका सकाळी तू चुलीऐवजी चुलीशेजारच्या मांजरीवर तवा ठेवलास. मांजर गेली पळून, तवा गेला खाली, आणि बा म्हणाला, "हिले मुंबईले ने." गावोगाव फिरणाऱ्या सुईवाल्या वैदूनं शेजारणीचा डोळा कायमचा घालवला होता, त्यामुळे तिथला गोरा डॉक्टर हाच एक उपाय उरला होता. उशीर झाला तर दोन्ही डोळे जातील, असं त्यानं दलालाकरवी धाडलेल्या निरोपात स्पष्ट सांगितलं होतं.

मी तेव्हा नवा नवरा होतो, मिशीला पीळ देत फिरणारा. आगगाडी जिथवर आली होती तिथवर छकड्यानं, पुढं गाडीनं तुला घेऊन मुंबईत उतरलो, आणि तिथून माझी फजिती सुरू झाली. कापसाच्या तेजीनं सगळी मुंबई माणसांनी भरलेली. पहिल्या धर्मशाळेत देवळाची घंटा जवळ, म्हणून तुला नको. दुसऱ्या खोलीत खारा वारा येतो, अंग चिकटतं. तिसऱ्या ठिकाणी तू दारातूनच ओरडलीस, "ढेकून! तो पाहा भिंतीवर!" माय, तुला ताटातली भाकर दिसत नव्हती, भिंतीवरचा ढेकूण मात्र दिसला. हमालाच्या डोक्यावर वळकटी, माझ्या डोक्यावर ऊन, आणि तू मधे उभी राहून म्हणतेस, "कावून चिडून राहिला रे? घरी चाल म्हन ना, मी येतो."

शेवटी आपल्या दलालाचा मुंबईतला मुनीम कंटाळून म्हणाला, इस्राएल मोहल्ल्यात एक खोली आहे, पण ते लोक शुक्रवारच्या सांजेपासून शनिवारच्या सांजेपर्यंत चूल पेटवत नाहीत, तुम्हाला अडचण होईल. तुझे कान टवकारले. मारुतीचा शनिवार तू जन्मभर कडक धरलेला. "शनिवार पाळनारा मानूस वाईट कसा असन?" म्हणालीस आणि हमालाला पुढं घातलंस. घरमालक पलटणीतून पेन्शनीवर आलेला, बोलायला मऊ. बायको नऊवारी नेसलेली, आपल्याहून साजूक मराठी बोलणारी. मी तुला सांगायला गेलो की हे यहुदी आहेत, यांचा देव निराळा, यांच्यात मूर्ती नसते. तू म्हणालीस, "नसू दे. शनिवार तर हाय ना?" मी वळकटी आत नेली.

त्यांच्या दाराच्या चौकटीवर एक लहानशी तिरकी नळी ठोकलेली होती. आत त्यांच्या धर्मग्रंथातली वचनं. येता-जाता माणसं तिला बोटं लावून ओठांना लावायची. तुझ्या धूसर डोळ्यांना एवढंच कळलं की दारावर देव आहे आणि तो कोरडा आहे. शनिवारी सकाळी तू अंघोळ करून त्याला तेल-शेंदूर फासलास. घरमालक प्रार्थनेहून परतले, सवयीनं नळीला बोटं लावली, ओठांना लावली, आणि पांढऱ्या मिशा भगव्या करून उंबऱ्यात उभे राहिले. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. घरमालकीण पदर तोंडात कोंबून हसू दाबत होती. म्हातारे ओठ पुसून इतकंच म्हणाले, "बाईंचा भाव खरा आहे. सांज झाली की पुसू."

आणि ती सांज. तुझा उपास, त्यांचा विश्राम, चूल दोघींची थंड. घरमालकीण अंगणात तुझ्याजवळ बसून सांगत होती की आभाळात तीन तारे दिसले की त्यांचा शनिवार संपतो, मग दिवा आणि चूल. तू मान वर केलीस आणि ठणकावून म्हणालीस, "दिसले! तिन्ही दिसले!" तिनं वर पाहिलं. पश्चिम अजून लाल होती. ती हळूच म्हणाली, "बाय, अजून एकही निघाला नाही." हसली मात्र नाही, तुझा हात धरून बसली. मग माझ्या दिशेनं, पण जरा चुकून खांबाकडे तोंड करून म्हणालीस, "मले आता दिवसाबी सांजच दिसते रे. भेव वाटून राहिलं म्हनून जागा बदलत होती मी. ने मले दवाखान्यात."

पुढं डोळ्यावर पट्टी बांधून तू पडून राहिलीस. खोलीतल्या खोलीत घरमालकिणीला झुणका कसा करावा हे शिकवलंस, आणि पट्टी सुटल्यावर आलेल्या शनिवारी त्याच अंगणात आपल्या डोळ्यांनी तारे मोजलेस. एकदा तीन, मग खात्रीसाठी पुन्हा तीन. मला फार रडू आलं होतं. मिशी असल्यामुळे मी ते खोकल्यावर नेलं.

हा सगळा किस्सा मुलाला तोंडपाठ आहे. म्हणून काल सांजेला त्यानं मला अंगणात नेलं आणि विचारलं, "बाबा, किती तारे दिसून राहिले?" मी ठणकावून सांगितलं, "तीन." तो हात धरून मला आत घेऊन आला. आभाळ गच्च भरलेलं होतं, असं मागाहून सूनबाईकडून कळलं.

हा कागद घडी करून उशाखाली ठेवतो, तुझ्याकडे न्यायला डाकवाला कोण मिळणार. उद्या मुलाला सांगतो, त्या मोहल्ल्यात एखादी खोली मिळते का बघ म्हणून. पण त्याला सांगायच्या आधी तुला सांगतो. माय, मलेबी भेव वाटून राहिलं.