सिग्नल म्हणजे भुईकाटा नव्हे

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार, १० मार्च २०२६

ती. कडूबामामांना तनुजाचा नमस्कार, आणि नमस्कारामागोमाग लगेच एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी "सिग्नल वजनावर चालतो हे सिद्ध झालं आहे" असं लिहिलं होतं. ते चूक आहे. सिग्नल वजनावर चालत नाही. (तब्येतीची चौकशी आधी करायला हवी होती, हे मला कळतं. पण तुम्ही पत्र अर्धं वाचून खिशात घालता आणि उरलेलं काट्यावर वजनाला गाडी नसेल तेव्हा वाचता, म्हणून दुरुस्ती वर घेतली.) आता विचारते. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? भुईकाट्याची वार्षिक तपासणी नीट पार पडली ना? इथं वच्छलाआत्या आणि मी दोघी खुशाल आहोत. फोनवर हे सगळं सांगता आलं असतं, पण मागं तुम्हीच म्हणालात की फोनवरचं बोलणं हवेत जातं, लिहून धाड. म्हणून लिहिते.

दुरुस्ती एवढ्या घाईनं का, तेही सांगते. आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळं माझ्या तोंडून निघालेलं आपल्या गावी पिशोरात छापून आल्यासारखं धरतात. मी एकदा "जास्त चहा बरा नव्हे" म्हणाले, तर आजोबांनी चहा सोडला आणि महिनाभर सगळ्या घरावर खेकसत राहिले. आता तुमच्या काट्यावर येणारा प्रत्येक पिकअपवाला "शहरात सिग्नल गाडी जोखून सोडतो, आमची भाची शिकलेली हाये" हे ऐकून पुढं जात असेल, या विचारानं मला घास जात नाही.

गोष्ट अशी. आत्याच्या कॉलनीचा रस्ता जालना रोडला मिळतो तिथं नवा सिग्नल बसला आहे. तो शहाणा आहे म्हणतात. आमच्या बाजूनं कुणी नसेल तर जालना रोडला हिरवाच ठेवतो, आणि आमच्याकडून गाडी आली की आम्हाला वाट देतो. सगळ्यांना देतो, मला देत नव्हता. सकाळी शेंद्र्याच्या कंपनीत जायला मी माझी हलकी स्कूटी घेऊन एकटीच तिथं उभी असायची आणि तो लालच राहायचा. बाकीचे लोक इकडं तिकडं बघून लाल तोडून जातात. मी जात नाही. (एकदाही गेले नाही. पुढचं चाक एकदा पांढऱ्या पट्टीवर गेलं होतं, ते मागं घेतलं.) त्यामुळं कंपनीत उशीर, पुन्हा उशीर. शेवटी आमच्या रूपाली मॅडम म्हणाल्या, "तनुजा, आणखी एकदा उशीर झाला तर तुला कायम करा असं मी वर कुठल्या तोंडानं सांगू?" हे आत्यानं तिच्या भावाला, म्हणजे आमच्या अण्णांना, कळवलं. अण्णांनी निरोप धाडला की या रविवारी पिकअप घेऊन येतो. पोरगी, कॉट आणि कुकर तिन्ही घरी घेऊन जातो. वर म्हणाले, "जिथं सिग्नलसुदिक तुला विचारंना, तिथं नौकरी कशाची?" मामा, हे वाक्य मला फार लागलं, कारण त्यात चूक काढता येत नव्हती.

उपाय सुचवणारे कमी नव्हते. चौकात दाऊदभाई रिक्षा लावतात. ते म्हणाले, "बाजी, आप चुपचाप खडे रहते, उसकू मालूम कैसे पडना? हॉर्न मारो, डिप्पर दो!" मी हॉर्न वाजवला. सिग्नलनं नाही, पण समोरच्या बंगल्यातल्या आप्पासाहेबांनी ऐकला आणि बनियनवर बाहेर येऊन मला नागरिकशास्त्र शिकवलं. मी डिप्पर दिला. तेव्हा समोरून येणारा ट्रकवाला मला काहीतरी सांगायचंय असं समजून थांबला, आणि त्याच्या मागचे सगळे आम्हा दोघांवर ओरडले. आत्याचं मत निराळंच होतं. खांबावर कॅमेरा आहे आणि मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून जाते. "अगं, त्याला तुजं तोंडच दिसंना! वळख पटल्याबिगर तो कामून सोडील?" मग दोन दिवस स्कार्फ काढून, मान वर करून, फोटो काढल्यासारखी उभी राहिले. सिग्नल लालच राहिला, आणि मीही उन्हानं लाल झाले.

मग वजनाची गोष्ट. थांबायच्या पट्टीच्या अलीकडं रस्त्यात एक चौकोन आहे, त्याच्या कडा कापून काळ्या डांबरानं भरलेल्या. मी तो फोनवर तुम्हाला सांगितला आणि तुम्ही क्षणाचाही विलंब न लावता म्हणालात, "पोरी, त्यो भुईकाटाच की! तुजी स्कूटी त्याच्या मापातच बसत नसंल." तुमचा सारा जन्म काट्यावर गेलेला; मी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी आत्या वजन म्हणून मागं बसली. (तिचं वजन इथं लिहीत नाही, कारण पत्र तुम्ही मोठ्यानं वाचता.) आम्ही चौकोनाच्या बरोबर मध्ये थांबलो आणि काय सांगू, हिरवा लागला! आत्यानं भर चौकात मला ओवाळायचंच बाकी ठेवलं. त्या आनंदात मी तुम्हाला ते पत्र लिहिलं. एवढंच बघितलं नाही की आमच्या मागं दाऊदभाईंची रिक्षा येऊन थांबली होती.

तुम्ही लगेच एसटीनं मक्याचं पोतं धाडलंत, सोबत चिठ्ठी: "रोज मागं बांधत जा, आत्याला कशाला तरास." (आत्याला ती चिठ्ठी वाचून दाखवली नाही.) पोतं बांधलं. स्कूटीचं पुढचं चाक हलकं होऊन ती घोड्यासारखी मान वर करायला लागली, पण सिग्नल ढिम्म. पोतं आणि आत्या दोघांना एकदम बसवावं असा विचार चालू होता, तेवढ्यात गल्लीतून म्हशी आल्या. कुणाच्या तरी गोठ्यातल्या चांगल्या पोसलेल्या चार म्हशी. त्या नेमक्या त्या चौकोनात येऊन उभ्या राहिल्या आणि रवंथ करू लागल्या. मामा, त्या चार म्हशी तुमच्या काट्यावर चढवल्या असत्या तर काट्यानं मुकाट्यानं दोन हजार किलो दाखवले असते. सिग्नल लालच. मग म्हशी गेल्या आणि दाऊदभाई रिकामी रिक्षा घेऊन आले. रोजा असल्यामुळं पोटही रिकामं. आणि सिग्नल हिरवा!

मी तिथंच स्कूटी स्टँडवर लावली आणि विचार केला. दोन हजार किलो म्हैस चालत नाही आणि रिकामी रिक्षा चालते, मग फरक कशाचा? लोखंडाचा! (एका म्हशीच्या गळ्यात साखळी होती, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. पण ती रस्त्यापासून बरीच उंच होती.) घरी येऊन कॉलेजचं पुस्तक उघडलं, फोनवर चार ठिकाणी पडताळून पाहिलं, आणि उलगडा झाला. दर उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळते आणि तुम्ही कन्नडला जाऊन वायंडिंग भरून आणता ना? तशाच तारेचे वेढे त्या चौकोनाच्या कडेनं रस्त्यात पुरलेले आहेत. त्यातून बारीक करंट फिरत असतो. वर धातू आला की तो करंट जरासा बदलतो, आणि खांबाजवळच्या पेटीला कळतं की गाडी आली. त्या तारेला वजन कळत नाही, हॉर्न ऐकू येत नाही, डिप्पर दिसत नाही. तोंडावर स्कार्फ आहे की घुंगट याच्याशी तिला कर्तव्य नाही. (काही सिग्नल कॅमेऱ्यानं गाडी ओळखतात, पण तेही गाडीच बघतात, बाईचं तोंड नव्हे. आणि पुष्कळसे सिग्नल नुसते घड्याळावर चालतात; तिथं काहीही करा, वेळ झाल्याशिवाय ते बदलत नाहीत. क्रांती चौकातला त्यातला असावा असं वाटतं, पण मी तपासलेलं नाही, म्हणून काट्यावर कुणाला सांगू नका.)

आता माझी चूक ऐका. मी शिस्तीची म्हणून रोज चौकोनाच्या बरोबर मध्ये उभी राहायची. माझ्या स्कूटीत मुळात लोखंड कमी, प्लास्टिक जास्त. आणि तार मध्ये नाहीच, ती कडेला! मोठ्या गाडीचं काही अडत नाही, ती चौकोनभर पसरते. मी बिचारी तारेपासून सगळ्यात लांब, नेमकी जागा निवडून उभी!

काल सकाळी मी पोतं घरी ठेवलं, आत्याला घरी ठेवलं, स्कार्फ बांधला, हॉर्नला हात लावला नाही, आणि दोन्ही चाकं त्या काळ्या रेघेवर ठेवून थांबले. आणि मामा, जालना रोड थांबला! ट्रक थांबले, बस थांबली, एक पांढरी मोठी गाडी थांबली, आणि त्या सगळ्यांसमोरून पिशोरची तनुजा एकटी हिरव्यातून गेली. दाऊदभाई रिक्षातून ओरडले, "क्या बात है बाजी!" मी कंपनीत वेळेआधी पोचले. रूपाली मॅडमनी विचारलं, आज कसं काय जमलं? मी सांगायला लागले, वायंडिंगपासून, आणि इतकं सविस्तर सांगितलं की मीटिंगला आम्हा दोघींना उशीर झाला. पण तो उशीर मॅडमच्या नावावर आहे, आणि आज त्यांनी माझा कायमचा कागद वर पाठवला. आता चौकात दाऊदभाई प्रत्येक स्कूटीवालीला सांगतात, "बीच में नक्को, लकीर पे लगाव!" हा शोध त्यांचाच असल्यासारखं सांगतात, पण मला त्याचं काही वाटत नाही. (थोडं वाटतं.)

मामींना नमस्कार. काट्यावर दुरुस्ती सगळ्यांना सांगा. ज्यांना आधी चुकीचं सांगितलं त्यांना तर नक्की.

तुमची भाची,
तनुजा

ता. क. पत्र बंद करणार तेवढ्यात आत्या बातमी घेऊन आली म्हणून पुन्हा उघडलं. आज दुपारी कुणीतरी नळासाठी रस्ता खोदला आणि ती तार तोडली. तार तुटली की पेटी बिचारी समजते की गाडी कायमच उभी आहे, त्यामुळं आता आमच्या बाजूला दर फेरीला हिरवा मिळतो, कुणी असो वा नसो. संध्याकाळी एका शेळीला मिळाला. आत्या म्हणते, तिनं खांबाजवळ नारळ फोडला त्याचा गुण. दाऊदभाई म्हणतात, आखिर हॉर्न सुन लिया. रेघेबद्दल आता कुणी विचारत नाही.

ता. क. दुसरा. खरं सांगायचं ते राहिलंच. गप्प राहिले तर माझा फायदाच आहे, पण जालना रोडची माणसं, त्यात घाटी दवाखान्याकडं निघालेल्या ॲम्ब्युलन्सही, रिकाम्या रस्त्यासाठी उभी राहतात, आणि ते का हे मला एकटीला माहीत आहे. म्हणून तार जोडून द्या असा अर्ज मी महापालिकेला लिहिला आहे. कॉलनीत कुणी सही देत नाही. आप्पासाहेब म्हणाले, "आयता हिरवा मिळतोय तर तुझ्या पोटात का दुखतंय?" साहेबासमोर उभं राहून तुमचं यंत्र बिघडलंय असं सांगायची माझी ही पहिलीच वेळ आहे, आणि काय बोलायचं ते मी आत्तापासून आत्यासमोर पाठ म्हणते आहे. तेव्हा विनंती एवढीच. अण्णा फक्त तुमचं ऐकतात. त्यांना रविवारी निघू देऊ नका. दुसऱ्या दिवशी पहाटे निघा, तुम्हीही सोबत या. दोघांनी कचेरीत माझ्या शेजारी नुसतं उभं राहायचं. बोलायचं मी. ते ऐकूनही अण्णांना वाटलं की पोरगी घरी न्यावी, तर कॉट मी स्वतः पिकअपमध्ये चढवीन. कचेरी उघडायच्या आधीच मी दारात असेन: सोमवार, १६ मार्च.